विषमुक्त गच्चीवरचं कविसंमेलन

२० मे
आजपासून रोजनिशी नियमित. मार्चमधली दोन दिवसांत बंद पडली, ती धरायची नाही.
कॉलनीच्या निसर्ग-कविसंमेलनाचा अध्यक्ष एकमताने मी. पाच जूनला, आमच्याच गच्चीवर. कराडात विषमुक्त बाग म्हटलं की माझंच नाव निघतं, असं मीटिंगमध्ये मीच सांगितलं. कुणी विरोध केला नाही. पाणी सौ. घालते, पण व्हिजन माझं.

२३ मे
अध्यक्षीय कविता सुरू. 'विषमुक्त माझी गच्ची, चवच तिची सच्ची.' पुढं 'कच्ची' सोडून काही सुचत नाही.
पाच तारखेला बाग तजेलदार दिसायला हवी. जीवामृत फवारणार. शेण, गोमूत्र, गूळ ड्रममध्ये कालवलं. तळमजल्यावरच्या अंकिताने खिडक्या लावून घेतल्या. पर्यावरणाची जाण सगळ्यांना नसते.

२६ मे, संध्याकाळ
चुलतभाऊ भाऊसोचा पाठीवरचा फवारणी पंप आणला. म्हणाला, दादा, उसात तणनाशक मारलंय त्येनं, सोडा घालून चांगला खंगाळून घ्या, न्हायतर बागेचं वाटोळं व्हईल. भाऊसोला उगाच भीती. गोमूत्र मुळातच शुद्ध, पंप आपोआप साफ होईल.
फवारणी केली. सौ.च्या जास्वंदीला डबल. तिच्या आईने जतहून फांदी दिलेली. तिकडं टँकरच्या पाण्यातही जगवली होती. सौ. म्हणाली, तिला ऱ्हाऊ द्या. ऐकलं नाही. सरप्राइज.

२९ मे
वांगी, टोमॅटो, जास्वंद, सगळ्यांची पानं वळली, देठ पिळले. झाडं ताकद गोळा करत असावीत. सौ. म्हणाली, आवं, ही मराय लागलीया. म्हणालो, धीर धर.

३१ मे
भाऊसोला सहज फोन केला. पंप धुतला व्हता न्हवं, एवढंच विचारलं त्याने. रेंज गेली असं सांगून ठेवला.

२ जून
संमेलन हॉलमध्ये घेऊ म्हणालो. उन्हाचं कारण दिलं. पत्रिकेवर 'स्थळ: विषमुक्त गच्ची' छापलंय, त्यामुळे कॉलनीवाले नाही म्हणाले. ती ओळ मीच घालायला लावली होती. पाय मुरगळल्याचं सांगावं तर सगळ्यांनी मला जिना उतरताना पाहिलंय. सौ. अजून जास्वंदीला पाणी घालतेय. मला भीती वाटतेय.

५ जून
सगळे आले. गच्चीवर हिरवं म्हणजे गवती चहा आणि कुंडीतली हरळी. ऊस गवताच्याच जातीचा, त्यामुळे उसातलं औषध गवताला काही करत नाही. गल्लीतला कवी विश्वजीत म्हणाला, दुष्काळाचा सेट लय भारी केलाय. टाळ्या पडल्या. खरं सांगायची हीच वेळ होती. मी हात जोडून आभार मानले.
कविता वाचली. भाऊसो पुढच्याच खुर्चीवर. 'सच्ची'ला त्याने वाळल्या जास्वंदीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. बोलला असता तर बरं झालं असतं.
शाल-श्रीफळाऐवजी रोप देऊन माझा सत्कार. नेमकं जास्वंदीचं. मी मोठ्या मनाने सौ.ला दिलं. तिने ते पदराखाली धरलं आणि जिना उतरून खाली गेली.

६ जून
सोडा घालून पंप धुतला. स्वच्छ निघाला.
रोप अंकिताकडं ठेवलंय. सौ. सकाळी तिथंच पाणी घालून आली. मी हात लावायचा नाही, अंगणात उभं राहून खिडकीतून बघायला हरकत नाही, असं म्हणाली.
जाऊन आलो. ड्रमच्या वासामुळं खिडक्या अजून बंदच आहेत.