उन्हात ठेवलेला सेल

बाबा, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, आणि आई अजून येईल त्याला सांगते, यांनी कधी वस्तू वाया घालवली नाही. ते ऐकलं की माझ्या अंगाची आग होते.

गावाला तुम्ही संपत आलेले सेल कौलांवर उन्हात ठेवायचात, मग बॅटरी आणखी चार दिवस पेटायची. तीच अक्कल मस्कतला घेऊन आलात. अझैबातलं आपलं किचन, जून महिना, खिडकीचा कठडा हात लावला तरी भाजतो. तिथे तुम्ही कपाळाला बांधायच्या बॅटरीचा सेल ठेवलाय, कारण त्याचं चार्जिंग टिकत नाही. त्याचं वरचं प्लॅस्टिक फाटलंय, त्यावर चिकटपट्टी गुंडाळलीय. मी नववीत. सेलवरचं बारीक इंग्लिश वाचून दाखवते: तापवू नका, स्फोट होईल. तुम्ही पोळी मोडत म्हणता, "इंग्लिश शाळेत घातली म्हणून बापाला शिकवतेस? तुझ्या वयाचा असल्यापासून हेच करतोय मी." आई हसली. जेवण झाल्यावर तो सेल बॅटरीत घालून तुम्ही कामावर गेलात.

ती स्वतः बांधली असतीत तर आज मी एवढी तडतडले नसते. पण एसीच्या डक्टमध्ये शिरायला तुम्ही तुमच्याबरोबर काम करणाऱ्या वसईच्या अंकलना पाठवलंत, वर बॅटरीही आपलीच दिलीत, चार्ज करून घे म्हणालात. ती त्यांच्या कपाळावर फुटली. उजवा डोळा गेला. हॉस्पिटलात ते तुम्हालाच समजावत होते, "तू वाईट वाटून घेऊ नको रे, तुझा काय दोष?" तरी खरं सांगायला तुमची जीभ उचलली नाही! घरी येऊन मला वही घेऊन बसवलंत. अर्बाबला, म्हणजे कंपनीच्या मालकाला, इंग्लिशमध्ये रिपोर्ट हवा होता. तुम्ही सांगत गेलात, यानेच भलता चार्जर लावला. मी म्हटलं, "बाबा, खोटं आहे हे." कानाखाली वाजवलीत. "लिही, यल्ला! माझी नोकरी गेली तर तुझी शाळा खलास." मी लिहिलं. अंकलची चूक ठरली, महिन्याभरात ते हात हलवत वसईला परत गेले, आणि तुम्ही शेवटपर्यंत त्याच कंपनीत फोरमन म्हणून मिरवलात. लाज कशी वाटली नाही तुम्हाला?

हा कागद कुठे पोस्टात टाकायचा नाहीये. अंकल दर नाताळला आईला फोन करतात, तुमची आठवण काढतात. त्यांना अजून वाटतं, चार्जर आपणच चुकीचा लावला असेल. मग मला विचारतात, "बाय, बरी आहेस ना?" दहा वर्षं मला कानाखाली मारणारं कोणी नाही, बाबा. मी "बरी आहे, अंकल" म्हणते आणि फोन आईकडे देते.