गप्प मुलांना धीर देताना

रविवार, २ मार्च
आज पास्टरबाईंनी मला सेवा विभागाचा प्रमुख केलं. म्हणाल्या, कालुबा, आपल्या कॅम्पसच्या चर्चमध्ये दहा देशांची पोरं येतात, पण कामाला पुढे होतात ती आपली झांबियाचीच, तीही बोलकी. गप्प बसणाऱ्यांना जरा धीर दे.
माणूस बरोबर निवडला. धीर देणं माझ्या रक्तातच आहे.
दोघांना हेरलंय. काँगोची क्लोदीन, नर्सिंगला आहे, मान वर करत नाही. आणि लेसोथोचा लेबोहांग, ताडासारखा उंच, तोंडात शब्द नाही. महिन्याभरात दोघांना पोपटासारखं बोलतं करतो.

बुधवार, ५ मार्च, संध्याकाळ
क्लोदीनला कँटीनमध्ये गाठलं. सेवेचं महत्त्व समजावलं. तिच्या ताटातली न्शिमा, मक्याच्या पिठाची उकड, गार होऊन दगड झाली, पण ऐकत होती. शेवटी विचारलं, रविवारी बायबल वाचशील ना? ती तोंड उघडणार, तेवढ्यात मीच म्हटलं, कळलं, हो म्हणायचंय तुला.
माणसाच्या मनातलं ओळखता यावं लागतं.

रविवार, ९ मार्च
क्लोदीन जागची उठली नाही. मी वाचलं. छान झालं वाचन.
लेबोहांगला स्वागताला दारात उभं केलं होतं. हा नुसता दोन्ही हातांनी येणाऱ्याचा हात धरतो आणि हसतो. तोंडाने 'या, बसा' नको? शेवटी शेजारी उभा राहून मीच सगळ्यांचं स्वागत केलं, नमुना म्हणून. तो म्हणाला, 'बरं, ब्रदर.' दोन शब्द. प्रगती आहे.

शुक्रवार, १४ मार्च
लेबोहांग दारात उभं राहायला नको म्हणतोय. चर्चच्या स्वयंपाकघरात भांडी घासतो म्हणे. हल्लीच्या मुलांना चिकाटी नाही.
पास्टरबाईंनी विचारलं, त्यांना काय वाटतं ते कधी विचारलंस का? म्हटलं, रोज विचारतो. उत्तराला फार वेळ लावतात, म्हणून मीच देऊन टाकतो. बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. माझी पद्धत पटली असावी.

शनिवार, २२ मार्च
उद्या सगळ्या भाषांची उपासना. प्रत्येकाने आपापल्या भाषेत गायचं, प्रार्थना करायची. सूत्रसंचालन अर्थात माझं.
आज तालमीत क्लोदीन आपणहून म्हणाली, 'मी स्वाहिलीत एक गाणं...' वाक्य मी पूर्ण केलं, '...म्हणायला घाबरतेस, हो ना?' आणि धैर्य या विषयावर बोललो. तीन तास तालीम. बहुतेक मीच बोललो. बाकीचे गप्प, मग कोणीतरी बोलायला नको?
घसा खवखवतोय.

रविवार, २३ मार्च
आवाज बसला. साफ.
चर्च खच्चून भरलेलं. माइकसमोर तोंड उघडलं, तर पंक्चर झालेल्या टायरसारखी नुसती हवा. हातवारे केले. लोकांना वाटलं प्रार्थना चाललीय, सगळ्यांनी डोळे मिटले. कुणी उघडेना.
मग क्लोदीन उठली. माइक न घेता, उभी होती तिथूनच गायला लागली. दुसऱ्या कडव्याला ड्रमवाल्याने ताल धरला. लेबोहांग ओले हात पुसत स्वयंपाकघरातून आला आणि खालच्या पट्टीत साथ द्यायला लागला. मग एकेक करत सगळं चर्च. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घशामुळे असेल.
नंतर पास्टरबाईंनी तिला विचारलं, आज एवढा धीर कुठून आला गं? मी जवळच उभा राहिलो, चेहरा नम्र करून.
ती म्हणाली, 'धीर होताच, पास्टर. आज मध्ये बोलायला जागा मिळाली.'
जेवलो नाही.

रविवार, ३० मार्च
डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे तोंड बंद. सूत्रसंचालन क्लोदीनकडे. मी स्वयंपाकघरात, शेंगदाणे कुटायला. तात्पुरतं.
लेबोहांग भयंकर बडबड्या निघाला. त्याच्या आईच्या मेंढ्या, तिकडचं बर्फ, धाकट्या बहिणीचं लग्न, सगळं सांगून झालं. इतके दिवस हे कुठे होतं कुणास ठाऊक.
आज मलावीची एक नवी मुलगी मदतीला आली. माझ्याकडे बघून तिने त्याला हळूच विचारलं, हे कोण?
तो म्हणाला, 'ब्रदर कालुबा. स्वभावाने जरा अबोल आहेत, पण मनाने चांगले. बोलतील हळूहळू. आपण घाई करायची नाही.'
मी शेंगदाणे कुटत राहिलो.