खाली रेंज येत न्हाई

८ जून २००८, रविवार

फोन लागला. पण द्वारकाचा आवाज आज पण न्हाई ऐकला!

केदारखेड्यात आमच्याकडं रेंज येते ती फक्त माळवदावर. खाली घरात एक दांडी न्हाई. मातीच्या जाड भिंती, वर माळवदाचं सपाट मातीचं छत — आत शिरणार कुठून. म्हणून रविवारी अण्णा मोबाईल घेऊन शिडीनं वर चढतात अन् मी इथून पुण्यातून लावतो. अण्णा वरून बोलतात ते सगळी गल्ली ऐकते. माय खालून वरडून एखादी गोष्ट वर पाठवते. पण द्वारका? लग्नाला महिना झाला न्हाई. नवी सून सासऱ्याच्या शेजारी माळवदावर उभी राहून नवऱ्याशी बोलणार, अन् समोरच्या ओट्यावर बाया बसलेल्या. कसं व्हावं!

मंग आज मी डोकं चालवलं. छताला उजेडासाठी भोक आहे, बराबर चुलीच्या वर. अण्णांना म्हणलं, फोनचा आवाज मोठा करा अन् भोकापाशी धरा, ती खाली बसंल. अण्णांनी बिचाऱ्यांनी धरला. मी म्हणलं, "जेवलीस का?" दुसरं काही सुचलंच न्हाई.

समोरून माझ्या दोस्ताची, कडूबाची माय, चांगुणाबाई, वरडली — "जोरात इचार रं, आम्हाला बी कळू दे जेवली का ते!"

सगळी गल्ली हसली. खालून बांगड्या वाजल्या. तेवढंच. मंग अण्णा म्हणले, ती उठून आत गेली.

१२ जून

तसं तिच्याशी बोलणंच किती झालं. लग्नाचं घर, पाव्हणे हटेनात. ती मायजवळ झोपायची, मी माळवदावर. राजूरच्या गणपतीला जोडीनं दर्शनाला गेल्तो तवा जीपमधी शेजारी बसली होती. मधीच म्हणली, "तिकडं पुण्यात तरी टिकताल का?"

कोणी सांगितलं असंल तिला. जालन्याची सळईची मिल मी सोडली. मंग बियाण्याचं गोदाम सोडलं. एका जागी माझं मन लागत न्हाई, पायाला भिंगरीच हाये. पण त्या टायमाला मी तिला म्हणलं, टिकतो. दिवाळीपर्यंत टिकतो, खोली बघतो, अन् तुला न्यायला येतो.

ती खिडकीतून बाहेर बघत होती. हसली का न्हाई ते दिसलं न्हाई.

२४ जून, मंगळवार

आज बाणेरला तिसऱ्या मजल्यावर एका बाईकडं गेल्तो. देवानंदभाऊ — माझा मालक, सोसायट्यांमधी इंटरनेटची केबल टाकतो — त्याला यायला जमलं न्हाई, म्हणून मी एकटाच. बाईची तक्रार, वायफाय हॉलमधी येतं, किचनमधी येत न्हाई. तिची लेक अमेरिकेत. बाईला म्हणं लेकीला लॅपटॉपवर बघत बघत पोळ्या करायच्या हायेत.

बघतो तर राऊटर शोकेसमधी कोंडलेला! काचेचं दार बंद, वर लोकरीचा रुमाल, बाजूला माशांची पेटी. म्हणलं, बाई, पाणी रेंज पिऊन टाकतं, अन् ह्याला असं कोंडायचं न्हाई. बाहेर काढला, पॅसेजमधी उंचावर ठोकला, दोन्ही अँटेना उभ्या केल्या. किचनमधी रेंज आली. बाईनं तिथंच लेकीला लावलं. लेक झोपेतून उठल्यासारखी, केस इस्कटलेले. "आई, आत्ता?" म्हणली. बाईच्या डोळ्यात पाणी.

मी पिशवी उचलून निघालो. मला बी आलं असतं.

२९ जून, रविवार

अण्णा म्हणले, ती म्हणती जेवण टायमावर करत जा.

ती म्हणती!

६ जुलै, रविवार

ती म्हणती, पाऊस बरा हाये, सरकी चांगली उगवली. चांगुणाबाई मधीच — "सरकीचं काय सांगतीस, जिवाचं सांग!" अण्णांना पण हसू आलं. वरून हसल्याचा आवाज आला.

१७ जुलै, गुरुवार

दुपारी अण्णांच्या मोबाईलवरून मिस कॉल. मी एका फ्लॅटमधी भिंतीला भोक पाडून राह्यलो होतो, मोबाईल पिशवीत अन् पिशवी दाराबाहेर चपलांपाशी. नंतर लावला तर संपर्क क्षेत्राच्या बाहेर. खिशात दाबला गेला असंल. अण्णांना ते बटन लॉक करायचं येतच न्हाई.

२७ जुलै, रविवार

अण्णा आज थोडकंच बोलले. बराय, पाऊस हाये, ठेवतो. चांगुणाबाई पण गप.

१० ऑगस्ट, रविवार

द्वारका पंचमीला आष्टीला गेली, माहेरी. पहिलीच पंचमी, भाऊ न्यायला आल्ता — काकासाहेब. पोळा झाला की येईल म्हणले अण्णा.

म्हणजे पोळ्यापर्यंत "ती म्हणती" पण न्हाई.

१९ ऑगस्ट

डोक्यात एकच चालू हाये. ह्या लोकांना हॉलमधून किचनपर्यंत रेंज पायजे तर आम्ही अर्ध्या दिवसात करून देतो. माझ्याच घरात माळवदावरून चुलीपर्यंत आणता येत न्हाई? किती लांब हाये ते! एक छत तर मधी हाये.

देवानंदभाऊला इचारलं. तो म्हणला, मोबाईलची जुनी अँटेना पडलीये गोदामात, काट्याकाट्यांची, घेऊन जा. ती बांबूला बांधायची, टॉवरकडं तोंड करून. तिथून केबल खाली सोडायची. केबलच्या टोकाला पितळंचा पत्रा, त्यावर मोबाईल ठेवायचा. येईलच असं न्हाई, म्हणला, पण एखादी दांडी मिळंल.

एक दांडी बास झाली.

२३ ऑगस्ट

सगळं जोडून पाठवलं, जालन्याच्या गाडीवाल्याच्या हाती. कागदावर चित्र काढलं — माळवद, बांबू, उजेडाचं भोक, त्यातून केबल खाली, चुलीच्या बाजूच्या कोनाड्यात पत्रा. कोनाड्यापाशी एक बाई काढली, पदर घेतलेली. मंग लाज वाटली. खोडली. पण कळून येते.

देवानंदभाऊ म्हणतो, एवढं मन लावून काम तू माझं तर कधी केलं न्हाईस!

३१ ऑगस्ट, रविवार

काल पोळा झाला. अण्णांना इचारलं, आली का? अण्णा जरा थांबले. मला वाटलं रेंज गेली. मंग म्हणले, "आली. बरी हाये."

अँटेना पोचलीये. बैलांच्या गडबडीत लावायची राह्यली.

७ सप्टेंबर, रविवार

लावली म्हणतात. पण खाली रेंज येत न्हाई.

तोंड कुठं केलंय इचारलं. अण्णा म्हणले राजूरकडं. म्हणलं, जरा जरा फिरवून बघा, एक जण वर अन् एक जण खाली मोबाईलकडं बघत. हां म्हणले.

ती म्हणती, तब्येतीला जपा.

१४ सप्टेंबर, रविवार

फिरवून बघितली. येत न्हाई. केबल कुठं दुमडली का? न्हाई. जोडावर पाणी शिरलं का? न्हाई. बांबू अजून उंच करा म्हणलं. अण्णा म्हणले, करतो. अण्णांचा दम लागल्याचा आवाज येत होता, शिडीचा. मलाच वाईट वाटलं. ह्या वयात त्यांना किती वर-खाली करायला लावून राह्यलो मी.

१७ सप्टेंबर

इथंच देवानंदभाऊच्या गोदामात तशीच अँटेना लावून बघितली. पत्र्याच्या खोलीत, दार बंद करून. दोन दांड्या आल्या! मंग तिथं का येऊ नये? जोड मीच केलाय, चूक माझीच असणार. आतली तार बाहेरच्या जाळीला लागली असंल. दुसरी केबल बनवायला घेतली.

खोली पण बघितली एक. पत्र्याचीच हाये, पण खिडकी रस्त्याच्या बाजूला न्हाई. तिला बरं.

२८ सप्टेंबर, रविवार

दुसरी केबल पण चालली न्हाई.

मी म्हणलं, अण्णा, एक डाव तिला वर येऊ द्या. संध्याकाळचं, गल्लीत कोणी नसताना. मी फक्त ऐकतो, तिनं काही बोलू नये. अण्णा म्हणले, "लोक काय म्हणतील रे बाबा." अन् फोन ठेवला.

ह्या दिवसात चांगुणाबाई काहीच वरडत न्हाई. आजारी असंल.

ती म्हणती, थंडी सुरू झाली की कानाला बांधत जा. हे मात्र आज मीच इचारून घेतलं. म्हणलं, काहीतरी म्हणली असंल की! मंग अण्णांनी सांगितलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

कडूबाचा फोन आला. नवा मोबाईल घेतला त्यानं, पहिला फोन मला. इकडचं तिकडचं बोलला. मागून लोक साखर मागत होते, तराजू वाजत होता. मी म्हणलं, तू दुकानातून कसा काय बोलतो? माळवदावर न्हाई गेला?

तो म्हणला, "माळवद कशाला? शाळंमागं टॉवर झाला ना. पोळ्याच्या आधीच चालू झाला. मी कोठीत बसलो तरी फुल दांड्या हायेत."

मी म्हणलं, आमच्या घरात?

 तो म्हणला गिऱ्हाईक आलं. ठेवतो.

तोच दिवस, नंतर

रविवार नसताना लावला. रिंग गेली. मायनं उचलला. चुलीपुढूनच — भाकर थापल्याचा आवाज आला, मंग थांबला. एकदम साफ.

म्हणलं, माय, द्वारकाला दे.

माय रडायलाच लागली.

पंचमीला गेली ती आलीच न्हाई. झालं काय, तर आखाडात एका दुपारी उघडीप पडली म्हणून ती गोधड्या वाळू घालायला वर गेल्ती. अण्णांचा मोबाईल कोनाड्यात होता, तो गोधडीत गुंडाळून नेला. मायनं खालून बघितलं — कानाला फोन. इचारलं कोणाला लावला? ती म्हणली, त्यांना. मायला पटलं न्हाई. माय तिला म्हणली, नवऱ्याला लावला असता तर त्यानं उचलला नसता का!

गल्लीनं ऐकलं सगळं. समोर चांगुणाबाई होतीच. द्वारकानं शिडीवरून उतरताना एक शब्द काढला न्हाई म्हणं. पुढं पंचमीपर्यंत घरात पण न्हाई. भाऊ आला, गेली.

मी म्हणलं, माय, तो फोन मलाच आल्ता. चपलांपाशी वाजला.

मायनं पुन्हा इचारलं, काय म्हणतो? मी पुन्हा सांगितलं. तिकडून काहीच न्हाई. रेंज होती. मी तीनदा हॅलो म्हणलं.

१५ ऑक्टोबर

कामाला गेलो न्हाई.

अण्णांच्या मोबाईलमधी माझं नाव टाकलेलंच न्हाई, म्हणजे तिनं माझा नंबर पाठ केल्ता. कधी केला असंल? कोणी दिला? मी तर दिला न्हाई. भोकाखाली चुलीपाशी असताना अण्णांनी वरून कोणाला तरी मोठ्यानं नंबर सांगितला असंल, तवा?

अँटेना कधी बांबूवर चढलीच न्हाई. दोन्ही केबली जशाच्या तशा पोत्यात हायेत म्हणली माय. माय-अण्णांचा इचार होता, दिवाळीच्या आत समजूत घालून तिला आणू, पोराला कळायलाच नको. कळलं तर काम सोडून येईल. तसा मी हायेच, येतोच सोडून. आष्टीला दोनदा गेल्ते अण्णा. तिच्या बापानं पाणी दिलं, बोलला न्हाई.

अन् पोळ्यापासून अण्णा खिशात फुल दांड्या घेऊन दर रविवारी शिडी चढत होते. वर उभं राहून मोठ्यानं सांगत होते — आली, बरी हाये. सगळी गल्ली खाली बसून ऐकत होती. एक माणूस हसला न्हाई.

१९ ऑक्टोबर, रविवार

अण्णांनी घरातूनच लावला. पहिल्या डावाला. म्हणले, "तुझ्या मायला मी सांगितलं होतं, पोराला इचारू. पण असं पोराला कसं इचारायचं, म्हणून न्हाई इचारलं."

मी इचारलं, ती म्हणती, ती म्हणती — ते सगळं कोणाचं?

म्हणले, मायचं. आधीचं तिचं होतं. पंचमीनंतरचं मायचं.

आधीचं म्हणजे काय. जेवण टायमावर करत जा. अन् सरकी. एवढंच मंग.

२६ ऑक्टोबर

दिवाळी झाली की आष्टीकडचे बसून सोडचिठ्ठीचं ठरवणार हायेत, कडूबानं सांगितलं. माय म्हणते मी जाऊन पाया पडते पोरीच्या. अण्णा म्हणतात आधी तिचा धनी जाऊ दे.

जातो. देवानंदभाऊला सांगितलं. तो म्हणला, काम सोडून? मी म्हणलं, न्हाई, येतो माघारी. दोघं येतो. त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं.

काकासाहेबाचा नंबर अण्णांनी दिला.

२८ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

बाणेरच्या सोसायटीत सगळे दिवे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईनं बोलावून फराळ दिला. लेक दिसती का नीट, म्हणलं. म्हणली, आता दिसती, पण बोलायला तिला टाइमच न्हाई.

उद्या लावतो आधी, मंग गाडीत बसतो. काय बोलायचं ते सगळं ठरवून ठेवलंय. फोन चपलांपाशी होता, हे पहिलं.

२९ ऑक्टोबर, पाडवा

लावला. भाऊ असंल असं वाटलं. बाईचा आवाज आला. बारीक, थोडा बसलेला, जीपमधी ऐकलेला तोच.

"हॅलो. कोण?"

मी म्हणलं, मी.

"मी कोण?"

मी पुन्हा म्हणलं, मी. ती आत कोणाला तरी म्हणली, कोणाचा हाये काय माहीत, आवाज वळखू येत न्हाई. अन् ठेवला.

एकदम साफ ऐकू आलं सगळं.