खातं दुसरीकडे नेताना

प्रिय गुंड्या,

माझा अर्ज येण्याआधी हे पत्र तुझ्या हाती पडावं, म्हणून घाईने लिहितेय. माझं करमुक्त बचत खातं मी तुमच्या बँकेतून कोपऱ्यावरच्या नव्या बँकेत नेतेय. अर्ज तुझ्याच टेबलावर येणार, कारण बाहेर जाणारी आणि कायमची बंद होणारी खाती तूच बघतोस. माझं नाव वाचून तुझं डोकं फिरेल. तुझ्याकडे राहायला यायला मी नाही म्हटलं आणि तू तणतणत निघून गेलास, त्याचा राग आई अजून धरून बसलीय, असं तुला वाटेल. तसं अजिबात नाही. त्या दिवशी मीही काही कमी बोलले नाही, माझ्या जिभेला हाड नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

खरं तर गुपचूप पैसे काढून तिकडे भरावेत, तुला पत्ता लागू देऊ नये, असंच मनात होतं. पण तुझंच जुनं बोलणं आडवं आलं. तेव्हा तू नुकता नोकरीला चिकटला होतास, मला खातं उघडून दिलंस आणि मी पडद्यांना अस्तर लावत असताना मशीनशेजारी उभा राहून मास्तरासारखं बजावलंस, की हे पैसे हलवायचे झालेच तर आपल्या हाताने काढायचे नाहीत. काढले की सगळ्या वर्षांची करसवलत पाण्यात. नव्या बँकेला सांगायचं, ते जुन्या बँकेकडून मागवून घेतात. मी हसले होते, म्हटलं, तुला सोडून मी कशाला जातेय कुठे. परवा नव्या बँकेतल्या मुलीने तेच समजावायला घेतलं, तर मी तिला मध्येच थांबवलं आणि माझा मुलगा बँकेत आहे हे सांगून टाकलं. जुन्या बँकेत व्याज कमी मिळतं का, असं तिने विचारलं. मी हो म्हटलं. कमी खरं म्हणजे त्यांच्याकडेच आहे.

मशीन खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीला देऊन टाकलं. कात्री धरली की हात भरून येतो. माझे सगळे कपडे कमरेत आत घ्यावे लागले, आणि जन्मभर शिवणकाम केलेल्या बाईने ते दुसरीकडून करून घ्यावेत याची मला फार लाज वाटली. तुझी ताई रोज येते, सूप करते, ते घशाखाली उतरत नाही. डॉक्टर आता माझ्याशी बोलतानाही ताईकडेच बघतात. तुला कळवू नकोस अशी गळ तिला मीच घातली होती, तेव्हा तिच्यावर डाफरू नकोस.

बाबा गेले तेव्हा त्यांचा मृत्यूचा दाखला घेऊन मी तुमच्या बँकेत आले होते, आठवतं? हे काम दुसऱ्या कुणाला द्या, असं तू साहेबांना विनवलंस. माणसं कमी आहेत, टेबल तुझं आहे, म्हणून त्यांनी ते तुझ्याकडेच परत सरकवलं. तू बाबांच्या नावावर 'मयत' असा शिक्का मारलास. तो नीट उठला नाही, म्हणून परत मारावा लागला. घरी आल्यावर नळ सोडून तू हात धूत उभा राहिलास. शाई केव्हाच गेली होती तरी धूतच होतास. मी दारात उभी होते, आणि तुला जवळ घ्यावं की नाही तेही मला सुचलं नाही.

माझ्या नावावर तो शिक्का तुला मारावा लागू नये, एवढ्यासाठी खातं हलवतेय. आता फार दिवस उरलेले नाहीत, गुंड्या. तिकडे कुणीतरी परका माणूस तो मारेल आणि जेवायला उठून जाईल, तसंच बरं. तुझ्याकडे येईल तो कागद साधा आहे. सही थोडी थरथरली आहे, पण माझ्याच हाताची आहे. जुन्या सहीशी नीट ताडून बघ, अर्ज पुढे पाठव, आणि मग रजा टाकून घरी ये.

तुझीच,
आई