उंबरावरचा फेस

३ जुलै १९८४, मंगळवार

फेस! मुठीएवढ्या फेसासाठी अर्धं गाव विहिरीवर जमा. विहिरीवर उंबराची फांदी वाकली हाये, तिच्या पानाले पांढरा फेस चिकटला. साबनासारखा. लटारूनं लोकं जमवले. म्हने, बुधरी थुंकली त्यावर. पान्यावर करणी केली, म्हनून माही नात हगून हगून आडवी पडली. पोरीले गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं.

बुधरीचं घर विहिरीले लागून. मानूस मेला, लेकरू नाई. अशीवरच नाव येते.

म्या म्हनलं, थुंकी फांदीले उलटी लटकून राहते काय रे? कोनी हासलं नाई.

पोलीस पाटील मुखरू म्हने, धान रोवण्याचे दिवस आले, बसाले कोनाले वेळ नाई. पोळा झाला का बैठक. बुधरी गावात राहील का जाईल, तिथं ठरवू.

४ जुलै

सकाळीच इळ्यानं ती डहाळी कापून आनली. लोकं दुरून पाहून राह्यले होते. जर्मनच्या गंजात, त्या रुंद भगोन्यात, पानी टाकलं, डहाळी वर आडवी ठेवली. काय निघते ते पाहू. भुताचं पिल्लू निघालं तं त्याले भाकर देईन.

तारीख लिहून ठेवली. नाईतर लटारू तारीखही बदलवन.

आपल्या घरात दीक्षेपासून देव नाई, करणी तं नाईच नाई. पानी मातर विहिरीचं सोडून हापशीवरून आनून राह्यली. लांब पडते. पन उगीच कटकट नको.

७ जुलै

फेस वरून वाळला, पिवळा पडला. अन् आतून टपटप गंजात पडले — शेपटीवाले! बारीक, वळवळणारे. बेंडकाचे पिल्लं, दुसरं काय! लटारूले बोलावून दाखवले. म्हने, हे तं शेतातल्या बोडीच्या पान्यातले, तूच आनून टाकले असतीन.

या वयात मले चोर म्हनते!

८ जुलै

शाळेतल्या मास्तरले इचारलं. म्हने, झाडावर राहनारं बेंडूक असते, ते पान्याच्या वर फेस करून त्यात अंडे घालते. मंग पिल्लं खाली पान्यात पडते. म्हनलं, झालं तं, चला, लोकांले सांगा. तं मान हालवते! शेपटी हाये तोवर कोन्या बेंडकाचं पिल्लू हे छातीठोक नाई सांगता येत म्हने. पाय फुटू द्या. बोटाच्या टोकाले गोल टिकली दिसली, तं झाडावरचं.

किती दिवस? दीड-दोन महिने.

एवढ्या दिवसांत धान गर्भावर येते!

१५ जुलै

लटारूचं तोंड बंद कराले बोडीतलेही पिल्लं आनले. दुसऱ्या गंजात ठेवले. आता पाह्य म्हनलं डोळे फाडून. बोडीतले काळेभोर, बुडाशी घोळका करून. फेसातले भुरके, एकटे एकटे, मधातच तरंगते. अन् डोळे पार बाजूले, कानाच्या जागी असावे तसे.

लटारूनं पाह्यलं. अन् पाठ करून गेला.

उकळलेली भाजी खाते लेकाचे. मले पुरत नाई भाजी! बाया मले बेंडकाची माय म्हनून राह्यल्या. म्हनू दे.

१९ जुलै

रोवणा लागला. लग्न होऊन या गावात आलो तवापासून बुधरी अन् मी एका बांधीत जोडीनं रोवतो. आज टोळीतल्या बाया म्हने, ते आली तं आमी घरी चाललो. बुधरी लुगडं खोचून धुऱ्यावर उभी होती. सगळ्याइनं माह्याकडं पाह्यलं.

म्या म्हनलं, बुधरी, चार दिवस दम धर.

गेली. तिच्या जागी दुसरी लागली. तिची ओळ वाकडी.

२ ऑगस्ट

पाऊस. अजून शेपट्याच.

१२ ऑगस्ट

बोडीतल्याइले पाय फुटले, शेपटी झडली. खडबडीत, साधे भुईवरचे. गंजाच्या भिताडावर चढता येत नव्हतं त्याइले. बोडीत सोडून आली. फेसातले तसेच! दोन मेले. हे का मरत मरत बसते अन् तिकडं पोळा येऊन राह्यला.

लटारूची नात बरी होऊन आली. बरं झालं. पन लोकं काय म्हनते — बुधरीले विहिरीवर येऊ देत नाई, म्हनून पोरगी सुधरली! सलाईनचं कोनी नाव घेत नाई. हापशीवरूनही बाया हाकलते, बुधरी नाल्याचं गढूळ पानी पिऊन राह्यली.

२१ ऑगस्ट

मांगचे पाय गेल्या हप्त्यात आले, आता समोरचेही! बोटं लय बारीक. चष्मा लावूनही टिकली दिसत नाई.

दुपारी बुधरी आली, मांगच्या दारानं. वाळून गेली. गंजाजवळ बसली, पाहत राह्यली. म्हनलं, टिकली दिसली का तू सुटली. तं म्हने, "बैठकीत तू बोलशीन?"

म्या म्हनलं, मी कायले, बेंडूकच बोलन.

२६ ऑगस्ट, पोळा

गंज रिकामा!

सगळे गेले. झाकन ठेवलं नव्हतं. बोडीतले चढत नव्हते, म्हनून हेही चढनार नाई असं धरून चालली! अन् हे तं झाडावरचेच! पाटा उचलला, धानाची कोठी सरकवली, चुलीमांगं हात घातला. तोंडाले येते ते बोलली सगळ्याइले.

तिकडं बैल तोरनाखाली, इकडं मी गुडघ्यावर.

संध्याकाळी कंदील लावाले गेली, तं काचेवर एक बसलं! नखाएवढं. मांगं शेपटीचा खुंट लोंबून राह्यला. धरून बरनीत टाकलं, तोंडाले फडकं बांधलं.

२८ ऑगस्ट

झाली बैठक. बरनी मधात ठेवली. थोडा वेळ बसूनच राह्यलं लेकाचं, लोकं हासाले लागले. मंग सरसर काचेवर चढलं. मास्तर म्हने, बाहेरून बोटं पाहा. मुखरूनं डोळ्याजवळ धरली. एकेका बोटाले टिकली, काचेले चिकटलेली. बरनी हातोहात फिरली. मास्तरनं फेसाचं समजावलं, विहिरीत औषध टाका म्हनून सांगतलं.

मुखरू म्हने, बुधरी राहील. विहीर सगळ्याइची तशी तिची.

लटारू खाली पाहत होता. हळूच म्हने, "पोरगी हातची चालली होती. मी कोनावर रागावू मंग?" त्याच्यावर ओरडाचं ठरवून गेली होती. नाई ओरडली.

बेंडूक उंबरावर सोडलं. मांगं वळूनही नाई पाह्यलं त्यानं.

३० ऑगस्ट

सकाळी बुधरीच्या घराजवळच्या विहिरीवर गेली. घागर भरली, तिथंच ओंजळीनं प्याली. तिले दिसावं म्हनूनच प्याली. म्हनलं, निंदनाले माह्यासंगं चाल, आता सगळं मोकळं झालं.

बुधरी पान्याचा गुंड घासत होती. हात थांबला. वर नाई पाह्यलं.

"अन् बेंडूक नसतं निघालं तं, गुणा?"