सुषमाच्या वस्तू, जवळून

९ एप्रिल
स्टुडिओ उघडला. लग्नाची ऑर्डर घेऊन दोघं आले, नाई म्हटलं. कोणाच्या हळदीचे फोटो आता माह्यानं होत नाई.
साऱ्या चामोर्शीचे फोटो काढले. बायकोचा, सुषमाचा, धड एक नाई. वाघानं मारल्याची बातमी आली तवा पेपरात आधार कार्डावरचाच छापला.

११ एप्रिल
वनविभागाचे लोक तिची टोपली अन् एक चप्पल देऊन गेले. टोपलीच्या तळाशी मोहफुलं वाळून चिकटलेली.
लग्नात अंगठीच्या फोटोले वापरतो ती लेन्स लावली. चपलेत अंगठ्याच्या जागी खळगा, त्यात माती. काढत राह्यलो.

१४ एप्रिल
जयंती. चौकात निळे झेंडे, डीजे. मिरवणुकीचे फोटो दरवर्षी माह्याकडे, यंदा दुसऱ्याले सांगतलं.
घरी बसून तिचा कंगवा, परातीची कड, चांदीच्या पायपट्टीची तुटकी कडी.

१७ एप्रिल
जुईनं कॉम्प्युटरवर पाह्यलं.
"पप्पा, हे काय आहे?"
"आईचा कंगवा, बेटा."
"मंग आई कुठी आहे याच्यात?"
पोरगी जेवली नाई.

२० एप्रिल
गडचिरोलीहून प्रदीपभाऊ आले. कॅमेरा धरायले त्यांनीच शिकवलं मले. सारे फोटो पाह्यले, चष्मा पुसला. म्हणाले, प्रदर्शन लावू. "वाघ सगळ्याइले दिसते बाबू, मेलेली बाई कोणालेच दिसत नाई."
वाक्य चांगलं आहे. म्हणूनच भेव वाटलं. विचार करतो म्हटलं.

२४ एप्रिल
सासू आली गावाहून. त्या दिवशी मोहाखाली सुषमासंग तीच होती. पंचनाम्यातबी तोंड उघडलं नवतं. टेबलावरच्या चपलेकडे पाहत राह्यली. मग एकदम,
"हात धरला होता मी तिचा, जवाईबापू. लय ओढलं. मंग सुटला."
तुमची चूक नाई मामी, म्हटलं. पुन्हा म्हटलं. तिले ऐकूच येत नवतं.

२५ एप्रिल
चहा झाल्यावर सासूनं उजवा हात टेबलावर ठेवला. फोटोसाठी टोपली ठेवतो तिथीच.
"याचाबी काढा."
"काऊन, मामी?"
"तिनं शेवटी हेच धरलं होतं."
लेन्समधून पाह्यलं. मनगटावर नखाच्या रेघा, भरत आलेल्या, गुलाबी. सुषमाच्या नखाच्या. फोकस जमे ना.
जुई कधी आली समजलं नाई. एका रेघेवर बोट ठेवून उभी. आजीनं हात मागे नाई घेतला. तसाच फोटो काढला, बोटासकट.

२८ एप्रिल
प्रदीपभाऊचा फोन, हॉल मिळून राह्यला म्हणतात. हो म्हटलं नाई, नाईबी म्हटलं नाई. चपलेचा देईन एखाद वेळेस. हाताचा कोणाच्या भिंतीवर लटकवू?
सासू सांगत होती, गावच्या बाया आजबी मोह वेचायले गेल्या. न जाऊन करतील काय.
जेवताना जुईनं विचारलं, "आजी, आई काही बोलली का तवा?"
सासूचा घास हातातच राह्यला. "हो," म्हणाली.
पुढचं सांगतलं नाई. जुई माह्याकडे पाहून राह्यली होती, मी विचारीन म्हणून. मी ताटात भात कालवत राह्यलो.