हनुवटीवरचा तीळ

४ ऑक्टोबर
केनवडला आलो एकदाचे! शाळेत चित्रकला शिक्षक म्हणून कालच रुजू झालो. भाड्याच्या दोन खोल्या, उत्तरेकडून स्वच्छ उजेड. चित्रकाराला आणखी काय हवं? रस्ताभर सोयाबीन वाळत घातलंय. पल्लवीने सामान लावण्याआधी गॅस जोडला आणि मला पायरीवर बसवून चहा दिला. शेजारच्या खोलीत घरमालकीण भुरीबाई एकटीच राहते. मी चित्रकार आहे कळल्यावर म्हणाली, "आमच्या भिंतीले बी एखादं चित्र द्या ना, सर." बाई गोड आहे. जरा जास्तच गोड.

९ ऑक्टोबर
पल्लवीचं चित्र पूर्ण झालं. हुबेहूब! हनुवटीवरचा तीळ असा उतरलाय की बोट लावून बघावं. हल्ली रंग सांडले की त्याला अमूर्त म्हणतात. मला ती सोंगं जमत नाहीत. भुरीबाई दोन तास चित्रासमोर हलली नाही. मग दोन दिवसांसाठी म्हणून घेऊन गेली.

१२ ऑक्टोबर
पल्लवीच्या हनुवटीवर तीळ नाही. रिसोडच्या दवाखान्यात जाऊन काढून आलीस का, विचारलं, तर म्हणते, कसला तीळ? लग्नाला सहा वर्षं झाली, मलाच वेड्यात काढते! माझ्यापासून काय लपवतेय?
दुपारी भुरीबाई विरजण मागायला आली. तिच्या हनुवटीवर तीळ आहे. आधी होता का? चेहरे पाहणं हाच माझा धंदा. नव्हता.

१५ ऑक्टोबर
चित्र परत मागितलं. "पाहून राह्यली ना मी, देतो मंग," म्हणाली. मनात शंकेची पाल चुकचुकतेय.
आता चेहरा काढायचाच नाही. चेहराच नसेल तर जाईल काय? पल्लवी आत कशावर तरी हसत होती, तिच्याकडे न बघता नुसता पिवळा रंग ओढला. नाक नाही, डोळे नाहीत. खोटं कशाला बोलू, इतकं जिवंत चित्र माझ्या हातून कधीच झालं नव्हतं. ज्याची जन्मभर टिंगल केली तेच आवडलं.

१९ ऑक्टोबर
पिवळं चित्र जागेवर नाही. भुरीबाईंनी मागितलं, दिलं, असं पल्लवी म्हणाली. माझ्या टुकार विनोदांनाही ती हसायची. आज नुसती बघत राहिली.
तेवढ्यात भिंतीपलीकडून हसू आलं. शेवटी उचकीसारखं अडकणारं. पल्लवीचं. आणि पल्लवी तर माझ्यासमोर गवार मोडत होती.
हुबेहूब चित्राने कातडीवरचं नेलं. या रंगाने आतलं. जो समोर बसून बघत राहतो, त्याला ते मिळतं.

२२ ऑक्टोबर
ब्रश फेकून द्यायला हवे होते. पण शाळेतून आलो तेव्हा पल्लवी दारात माझी वाट बघत होती, पूर्वीसारखी— हात आवरला नाही. एक निळा पट्टा, बस. कपाटात कुलपात ठेवला.

२४ ऑक्टोबर
कपाटाचं कुलूप तुटलंय, निळं चित्र गेलंय. पल्लवीने मला विचारलं, आपण कोण? पाहुण्याला विचारावं तसं. बाहेर पायरीवर भुरीबाई चहाचा कप घेऊन. म्हणाली, "अहो, आज उशीर केलात." शब्द पल्लवीचे. आवाजही—

२५ ऑक्टोबर
भुरीबाईच्या खोलीत घुसलो. तिन्ही कॅनव्हास भिंतीवर आहेत. कोरे. बघून बघून प्यायली सगळं.
आता पल्लवी उरलीय ती फक्त माझ्या आठवणीत. सहा वर्षं, सगळी. तीच रंगवायची. आतून कडी लावलीय. समोर फक्त पल्लवी बसेल, तिलाच मिळेल. माझ्याकडून काय जाईल ते ठाऊक आहे. भीती वाटते. तरी—

२६ ऑक्टोबर
भिंतीला टेकवलेलं चित्र छान आहे. नुसते रंग. कुणी काढलं?
समोर एक बाई आहे. मला उत्कर्ष म्हणते, हात धरून रडते. का, कळत नाही. बाहेरून दुसरी दार ठोठावतेय. अहो, उघडा ना— ही सांगते, उघडू नका, आधी वहीतली मागची पानं वाचा.
वाचली. मला बायको आहे. पल्लवी. वही म्हणते, ती आत माझ्यासमोर आहे; पण तिचा तीळ, तिचं हसू, तिचा आवाज दाराबाहेर. मग या दोघींपैकी—